नळाच्या जोडनळ्या

मुलांनो, स्वयंपाकघरातील मिक्सर नळाला खालून दोन लवचीक जोडनळ्या असतात. एक थंड पाण्याची, दुसरी गरम पाण्याची. बाहेरची तारेची वीण चकाकत असली, तरी आतले रबर कालांतराने कडक होऊन तडकते. नळी फुटली, तर घरभर पाणी होते. म्हणून ती वेळीच, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली बदलावी.

प्रथम गीझर व दोन्ही कॉक बंद करावेत. नळ उघडून आतले पाणी जाऊ द्यावे. मग जुनी नळी पान्याने सोडवावी. नव्या नळीला पीळ पडू देऊ नये. तिचा नट आधी हातानेच फिरवावा, म्हणजे आटे नीट जुळतात. शेवटी पान्याने किंचित आवळावा. फार आवळल्यास वायसर चिरडतो. कॉक हळूहळू उघडून सांध्याला कागद लावावा. तो कोरडाच राहिला, तर काम साधले.

स्वाध्याय : नट आधी हाताने का फिरवावा?