जळका दाणा

कात्रजला आता घरोघर गॅस आला आहे. तरी चूल पाहिलेली माणसे गावात पुष्कळ आहेत. चुलीवर हुलगे भाजताना एखादा दाणा उडायचा. विस्तवात पडून तो काळा व्हायचा. सकाळी राखेबरोबर उकिरड्यावर जायचा. अशा दाण्याची चौकशी कोण करणार?

करणारे लोक आहेत. कशी करतात, ते पाहू या.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. ते पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केले. सांकलिया, अन्सारी व ढवळीकर हे त्या कामातले जाणते. मातीखाली एक जुने गाव निघाले. घरे, चुली, धान्याची पेवे, सारे होते. हे गाव सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी वसले.

इतक्या वर्षांत दाणा टिकला कसा? कच्चा दाणा ओल्या मातीत कुजतो, नाहीतर किडे खातात. जळलेल्या दाण्याचा कोळसा होतो. कोळशाला कीड लागत नाही. राखेची माती पाण्यात ढवळली, की हलका कोळसा वर तरंगतो. तो बारीक चाळणीत धरायचा, वाळवायचा आणि भिंगाखाली पाहायचा. काम सोपे वाटते, पण डोळे शिणतात! इनामगावचे दाणे मुकुंद काजळे यांनी तपासले. सातू हे मुख्य पीक होते. मसूर, वाटाणा होता. आणि आपला हुलगाही होता.

त्या लोकांनी नदीच्या पाण्यासाठी बांध घातला, पाट खणला. कात्रजच्या तळ्याचे पाणी नानासाहेब पेशव्यांनी पुण्यात नेले, ते अठराव्या शतकात. इनामगावचा पाट त्याहून अडीच हजारांवर वर्षे जुना. एकट्यादुकट्याने असा पाट होत नाही. सारा गाव राबला असेल, असे मला वाटते.

पुढे दिवस फिरले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या थरात मोठी चौकोनी घरे कमी झाली. लहान गोल झोपड्या आल्या. हरणांची हाडे जास्त सापडू लागली. पाऊस कमी झाला असावा, असे ढवळीकरांचे मत. शेतात पिकेना, म्हणून लोक शिकारीकडे वळले. सुमारे २,७०० वर्षांपूर्वी ते गाव सोडून गेले.