इंजिनाचा थर्मोस्टॅट : निवड आणि पारख

पांढुर्णा व सौसर हे तालुके संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ते मोडतात. आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी, तर मृगबहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात जातात. साहजिकच मालवाहू गाडीला कधी पहाटेच्या गारठ्यात, तर कधी भर उन्हात चालावे लागते. छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाटही लागतो. अशा सर्व परिस्थितीत इंजिनाचे तापमान योग्य राखण्याचे काम थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा भाग करीत असतो.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरील झडप. तिच्यातील डबीत विशिष्ट प्रकारचे मेण असते. इंजिन थंड असताना झडप बंद असते व पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते. त्यामुळे इंजिन लवकर तापते. पाणी ठरावीक अंशापर्यंत तापले की मेण वितळून फुगते, दांडी सरकते आणि पाण्यास रेडिएटरची वाट मोकळी होते.

उन्हाळ्यात गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. हा उपाय घातक आहे. सतत थंड राहणाऱ्या इंजिनात इंधन पूर्ण जळत नाही, ते वंगणतेलात मिसळते आणि पिस्टन व सिलिंडर यांची झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यास आतल्या आत फिरण्याची वाट उघडीच राहते; पुरेसे पाणी रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन उलट अधिक तापते.

काही हौशी लोक शर्यतीच्या मोटारींप्रमाणे कमी अंशाचा थर्मोस्टॅट बसवितात. परंतु झडप एकदा पूर्ण उघडली की पुढचे काम रेडिएटर, पंखा व पाण्याचा पंप यांचे असते. रेडिएटर गाळाने भरला असेल, तर कमी अंशाच्या थर्मोस्टॅटने गुण येणार नाही.

नवा थर्मोस्टॅट घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. जुन्या भागावर कोरलेला अंशाचा आकडा, उदाहरणार्थ ८२, गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा व तोच घ्यावा.

२. व्यास व उंची जुळली पाहिजे. खालच्या बाजूस वाट बंद करणारी चकती असल्यास नव्यातही ती असावी.

३. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस ठेवावी. हवा जाण्याचे बारीक छिद्र असल्यास ते वरच्या बाजूस यावे. गॅस्केट नवे घालावे.

बसविण्यापूर्वी परीक्षा घेणे सोपे आहे. थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगावा, तळाला टेकू देऊ नये. शेजारी तापमापी धरून पाणी हळूहळू तापवावे. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट त्या सुमारास उघडू लागतो आणि आणखी १० ते १५ अंशांनी पूर्ण उघडतो. पाणी निवल्यावर तो पुन्हा घट्ट मिटला पाहिजे. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हा धडा शिकविताना शिक्षकांनाही हा प्रयोग वर्गात दाखविता येईल.

एक खबरदारी मात्र सर्वांनी घ्यावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते. इंजिन पूर्ण निवल्यावरच कामास हात घालावा.

थर्मोस्टॅटची किंमत इंजिनाच्या दुरुस्तीच्या मानाने अगदी अल्प असते. ऐन तोडणीच्या दिवसांत गाडी बंद पडली, तर माल बागेतच अडकून पडतो. म्हणूनच हंगामापूर्वी या भागाची तपासणी करून घेणे वाहनधारकांच्या हिताचे आहे.