उन्हाच्या माथी

गेल्या जुलैत माझ्या डाव्या कानाची श्रवणशक्ती एका रात्रीत गेली, आणि ती गेली आहे एवढे ध्यानात येण्यास ज्यांच्या हाती मी विश्वासाने कान दिला त्यांना एकोणीस दिवसही पुरले नाहीत. ही त्याची कैफियत आहे.

दुबईतील अल मनखूल भागातल्या आमच्या घरी सकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे कऱ्हाडला आठ वाजता, आईचा फोन येतो. त्या दिवशी सवयीने तो डाव्या कानाला लावला. पलीकडे संपूर्ण शांतता. फोन तुटला असे समजून ठेवणार, तोच हात बदलताना तो उजव्या कानाजवळून गेला आणि तिचा स्वर लख्ख उमटला, "अरे, केव्हाची हाका मारतेय, ऐकतोयस ना?" मी फोन पुन्हा डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला; असे चार-पाच वेळा केले, आणि प्रत्येक वेळी आई एका बाजूला होती व दुसऱ्या बाजूला कोणीच नव्हते. पलंगाच्या कडेवर बसून मी तिला "हो, ऐकतोय" म्हणालो खरा, पण माझे हात गार पडले होते.

त्याच सायंकाळी जवळच्या दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारले, "साइटवर असता ना? उन्हाने आणि घामाने कान बंद होतात. पाणी भरपूर प्या, हे थेंब घाला, दहा दिवसांनी या." दुखत नाही, पाणी येत नाही, केवळ ऐकू येत नाही आणि आत अखंड शिटी वाजते आहे, असे मी दोनदा सांगितले. दहा दिवसांनी थेंब बदलून मिळाले. आमच्या मुकादमांनीही "वेदना नाही तर रजा कशाची?" असे म्हणून अर्ज परत केला. उन्हात राबणाऱ्याच्या प्रत्येक व्याधीचे खापर उन्हावर फोडले की तपासणीचे श्रम वाचतात, असा हा व्यवहार. आणि तो सहन केल्याबद्दल मला स्वतःचाही राग येतो.

एकोणिसाव्या दिवशी मी स्वखर्चाने दुसरीकडे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नादकाटा वाजवून माझ्या कपाळावर टेकवला आणि नाद कोठे ऐकू येतो असे विचारले. तो उजवीकडे गेला. मळाने कान बंद असता, तर नाद त्या बंद कानातच अधिक ऐकू आला असता. तो निरोगी कानाकडे गेला याचा अर्थ दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे, असे त्यांनी समजावले. बंदिस्त खोलीत श्रवणमापन झाल्यावर आलेखाची डावी रेघ उताराने घसरत गेलेली मी पाहिली. बहात्तर तासांच्या आत सलग तीन स्वरपट्ट्यांत निदान ३० डेसिबल श्रवण घटले, तर त्यास आकस्मिक बधिरता म्हणतात. बहुतेकांत कारण सापडत नाही, पण स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास लाभाचा संभव अधिक असतो. माझे ते दोन आठवडे थेंबांत गेले. पडद्यातून दिलेल्या इंजेक्शनांनी खालचे स्वर थोडेसे परतले, इतकेच. आता खालिद बिन अल वलीद रस्ता ओलांडताना भोंगा कोणत्या दिशेने आला ते मला कळत नाही. एक कान गेला म्हणजे दिशाच जाते, हे कोणी सांगितले नव्हते.

म्हणून सांगतो. कान अकस्मात बंद झाला, तर ओठ मिटून गुणगुणावे. आवाज चांगल्या कानाकडे गेला, तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे, आणि तो बंद कानात वाटला तरीही श्रवणमापनाचा आग्रह धरावा, कारण ही घरगुती खूण म्हणजे निदान नव्हे. स्वतःहून कानात काही घालू नये.

उन्हाचा कानाशी संबंधच नाही असे मात्र मी म्हणत नाही. येथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास मनाई आहे. २००५ पासूनचा हा नियम उष्णतेपासून वाचवतो, गोंगाटापासून नव्हे. सकाळच्या पाळीत घामाने चिकटलेले कर्णरक्षक सर्वजण काढून ठेवतात, मीही ठेवत असे, आणि जनरेटरजवळ तेवढा वेळ कान उघडे राहतात. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलमागे ती निम्मी होते. घामाने ओला राहिलेला कर्णमार्गही सुजतो. शिवाय हेल्मेटखाली कानाची वरची कड उघडीच राहते. तेथे उन्हापासून वाचवणारा लेप लावावा, आणि न भरणारी खपली दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी, कारण त्या जागी त्वचेचा कर्करोग होतो.

आणि प्रत्येक भेटीचा दाखला, तारीख व कोणता कान यासह, लेखी घ्यावा. मी पहिल्या दवाखान्यातून माझ्या नोंदींची नक्कल मागवली. दोन्ही भेटींपुढे "उन्हाचा त्रास" एवढेच लिहिले आहे. डाव्या कानाचा उल्लेख नाही. ती नक्कल तक्रारअर्जास जोडली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.