डोक्याचा मार आणि हरवलेली झोप



दुचाकीवरून पडून डोक्याला मार बसला. सिटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही. तरी तीन आठवडे झाले, माणूस रात्रभर जागाच. दिवसा डोके जड, उजेड व गोंगाट सोसत नाही, चिडचिड होते, सांगितलेले विसरतो. घरचे म्हणतात, "सोंग करतोय!"

हे सोंग नव्हे. मेंदूला बसलेला असा हादरा स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटते, काहींना महिने लागतात.

काय करावे?

१. पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. नंतर सोसेल तितके चालावे, हलके काम करावे. त्रास वाढला तर थोडे थांबावे. आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने बरे होणे लांबते.

२. रात्र कशीही गेली तरी रोज ठरल्या वेळी उठावे. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नये.

३. दुपारनंतर चहा आणि झोपण्याआधी मोबाईल नको. दारू तर नकोच. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

४. झोप येईना तर तळमळत न राहता उठून शांत बसावे. डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हावे.

डोकेदुखी वाढतच गेली, वारंवार उलट्या झाल्या, झटके आले, बोलणे असंबद्ध झाले किंवा माणूस जागा होईना, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर आधी त्याच्या घरच्यांना भेटा. त्याचे दुखणे खरे आहे, एवढे त्यांना पटले तरी त्याचा अर्धा भार उतरेल.