मोठी अक्षरे, लहान अक्षरे

मुलांनो, नामपूरच्या बाजारातील कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिला असेल. त्याची माहिती तुम्हांला वर्गात पडद्यावर दाखवायची आहे, असे समजा. संगणकावर ‘पॉवरपॉइंट’ उघडले, की स्लाइड समोर येते. तिच्यात वर शीर्षकाची आणि खाली मुद्द्यांची चौकट तयारच असते. शीर्षक मोठ्या अक्षरांत दिसते. मुद्दे त्याहून लहान आणि पोटमुद्दे आणखी लहान. मजकूर वाढला, की अक्षरे आपोआप बारीक होतात. १९८७ साली आलेल्या या साधनामुळे काम सोपे झाले. पण साच्यात शब्द भरताना महत्त्वाची गोष्ट तळाशी जाऊ शकते.

हे किती गंभीर ठरू शकते, ते पाहा. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतून ‘कोलंबिया’ हे अवकाशयान झेपावले. कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला. शीर्षक धीर देणारे होते. मात्र चाचणीतील तुकडा ३ घनइंचांचा, तर आदळलेला तुकडा सुमारे १,९२० घनइंचांचा होता. ही गोष्ट अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती!

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यानाचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर मृत्यू पावले. यान नष्ट झाले ते फोमच्या आघातामुळे, स्लाइडमुळे नव्हे. पण ती स्लाइड वाचून जिवाचा धोका वरिष्ठांच्या ध्यानात येणे कठीण होते, असे चौकशी मंडळाने त्याच वर्षी नमूद केले.

आता आपल्या कांद्याकडे वळू. ‘यंदा भरपूर पीक’ हे शीर्षक आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘भाव खर्चापेक्षा कमी’, असे लिहिले तर शेतकऱ्याचे दुःख कोणाला दिसेल? म्हणून आधी कागदावर सर्वांत महत्त्वाचे एक वाक्य लिहा. तेच शीर्षक करा. मगच संगणक सुरू करा. साचा संगणकाचा असला, तरी विचार आपला असावा.

शब्दार्थ : शीर्षक – उनवान; आघात – टक्कर; चौकशी – तहकीकात.

स्वाध्याय
१. महत्त्वाची गोष्ट स्लाइडच्या तळाशी का जाते?
२. तुमच्या गावातील एका प्रश्नावर स्लाइडसाठी योग्य शीर्षक लिहा.