परदेशातील बचत खाते आणि राहून गेलेले विवरणपत्र

सुरत म्हटले की आपणा सर्वांना प्रथम आठवते ती शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी. त्या वेळी ज्याची घरे-वखारी लुटल्या गेल्या त्या वीरजी व्होराचा व्यापार तांबड्या समुद्रातील बंदरांपर्यंत पसरलेला होता. म्हणजे सुरतकराचा पैसा समुद्रापलीकडे असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आजही येथील हिऱ्यांच्या व्यापाराचे धागे ॲन्टवर्प आणि हाँगकाँगपर्यंत पोचलेले आहेत. परंतु प्रस्तुत लेख मोठ्या पेढ्यांविषयी नाही. त्यांच्या पदरी हिशेबनीस असतात.

माझे मामा सुरतेस उधना भागात राहतात. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या वस्त्यांतून जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने आहेत. वडिलांनी मागावर किंवा कापडबाजारात काम केले आणि मुलगा शिकून लंडनला, दुबईला वा कॅनडाला गेला, असे घर तेथे आता दुर्मिळ राहिलेले नाही. मागील दोन्ही सुट्ट्यांत मी मामांच्या ओळखीच्या एका कर-सल्लागारांच्या कचेरीत बसून काम पाहिले. तेथे वरचेवर येणारा एक प्रश्न आपल्या वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत मला कोठे आढळला नाही, म्हणून हा लेख.

प्रश्न असा. मुलगा परत आला, परंतु तिकडचे बचत खाते त्याने बंद केले नाही. त्यावर थोडेफार व्याज जमत राहिले. येथे नोकरी लागली, तो दर वर्षी विवरणपत्र भरू लागला. पण त्या खात्याचा उल्लेख त्यात कधीच केला नाही. "भाऊ, पैसा कष्टाचा आहे, काळा थोडाच आहे!" असे उत्तर त्या कचेरीत मी अनेकदा ऐकले. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कायद्याने येथे दोन निरनिराळी कर्तव्ये सांगितली आहेत. व्याजावर कर देणे हे एक आणि खाते आहे एवढे कळविणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसरे सुटत नाही. व्याज एक पैसाही न मिळालेले खातेसुद्धा कळवावे लागते.

हे कळविण्याचे परिशिष्ट, ज्याला शेड्यूल एफ.ए. म्हणतात, ते कर-निर्धारण वर्ष २०१२-१३ पासून विवरणपत्रात आले. 'सहज' ह्या सोप्या नमुन्यात ते नाही, आणि ज्याचे परदेशी खाते आहे त्याला 'सहज' वापरता येत नाही. नेमके पगारदार तरुण तोच नमुना भरतात. पुढे २०१५ साली परदेशातील काळ्या पैशाविषयीचा कायदा झाला आणि न कळविण्याबद्दल दहा लाख रुपये दंडाची तरतूद आली. खात्यात पंचवीस लाख असोत वा पंचवीस कोटी, दंड दहा लाखच! माझ्या मते ही ह्या कायद्याची सर्वांत दुबळी बाजू होय. सुरुवातीला सूट होती ती वर्षभरात कधीही पाच लाखांवर न गेलेल्या बँक खात्यांनाच. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर मालमत्ता सोडून इतर परदेशी मालमत्ता मिळून वीस लाखांपर्यंत असेल तर हा दंड होत नाही. मात्र कळविण्याचे कर्तव्य तेव्हाही उरतेच.

आता हे कर्तव्य कोणाचे? जो कायद्याच्या दृष्टीने भारताचा 'सामान्य निवासी' आहे त्याचे. अनिवासी माणसाला हे लागू नाही, आणि 'निवासी परंतु सामान्य निवासी नव्हे' अशा माणसालाही नाही. बारा वर्षे दुबईत काढून आलेला गृहस्थ परतल्यावर साधारणतः पहिली दोन-तीन वर्षे ह्या मधल्या वर्गात मोडतो, कारण मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे तो अनिवासी असतो. चार वर्षे लंडनला राहून आलेल्या मुलाला ही सवलत मिळत नाही. तो बहुधा परतल्या वर्षापासूनच सामान्य निवासी होतो. हे ऐकून कचेरीत आलेल्या मंडळींना आश्चर्य वाटे.

सरकारला कळणार कसे, असेही काही जण विचारीत. जून २०१५ मध्ये भारताने खात्यांच्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या बहुराष्ट्रीय करारावर सही केली आणि २०१७ पासून ही माहिती येऊ लागली. अमेरिकेशी त्याच वर्षी, जुलै २०१५ मध्ये, स्वतंत्र करार झाला. तिकडची बँक आपल्याला 'कराच्या दृष्टीने तुम्ही कोठले रहिवासी?' असे विचारते ते ह्याचसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर खात्याने अशा लोकांना मोबाईलवर व ई-मेलने आठवण दिली. त्यानंतर २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता आणि १,०८९ कोटींहून अधिक परदेशी उत्पन्न लोकांनी आपणहून विवरणपत्रात दाखविले. ह्याउलट २०१५ साली, म्हणजे कायदा नवा असताना, तीन महिन्यांची जी संधी दिली गेली होती तिच्यात जाहीर झालेली रक्कम सुमारे ४,१६४ कोटींचीच होती. तेव्हा कर तीस टक्के आणि दंड तीस टक्के, असे मालमत्तेच्या साठ टक्के द्यावे लागत होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

राहून गेलेली वर्षे भरून कशी काढावयाची ते आता पाहू. सुधारित विवरणपत्राची मुदत उलटलेली नसेल तर तोच मार्ग सर्वांत सोपा व स्वस्त. मुदत गेली असेल तर १९६१ च्या कायद्याखालील जुन्या वर्षांसाठी 'अद्ययावत विवरणपत्र' आहे. २०२२ मध्ये ते सुरू झाले तेव्हा मुदत दोन वर्षांची होती. २०२५ मध्ये ती कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांची झाली. उशिराप्रमाणे कर व व्याज ह्यांवर २५, ५०, ६० किंवा ७० टक्के जादा द्यावे लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. खात्यात २२,००० पौंड आहेत, वर्षाचे व्याज ४४० पौंड. हिशेबाच्या सोयीसाठी पौंड १०० रुपये धरू. शिल्लक २२ लाख, व्याज ४४,००० रुपये. वीस टक्क्यांनी कर ८,८०० आणि चार टक्के उपकर ३५२, मिळून ९,१५२ रुपये. तिसऱ्या वर्षी भरल्यास जादा साठ टक्के म्हणजे सुमारे ५,४९१. उशिराचे व्याज सोडले तर एका वर्षाचा बोजा पंधरा हजारांच्या आत राहतो. हाच आकडा दहा लाखांशेजारी ठेवून पाहावा. अर्थात अद्ययावत विवरणपत्र भरल्याने दंडातून आपोआप सुटका होते असे नाही. दंड करावा की न करावा हे अधिकाऱ्याच्या हाती आहे. मात्र एकदा ह्या कायद्याखाली माहिती मिळाल्याचे खात्याने कळविले, की त्या वर्षापुरती ही वाट बंद होते.

येथे एक विचित्र अडचण आहे. ज्याने व्याजावर कर भरला पण परिशिष्ट तेवढे कोरे ठेवले, त्याला अद्ययावत विवरणपत्र भरता येत नाही, कारण ते वाढीव कर निघत असेल तरच चालते! म्हणजे अधिक प्रामाणिक माणूसच अडकतो. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात लहान करदात्यांसाठी सहा महिन्यांची एक योजना मांडण्यात आली, तिच्यात ह्या वर्गाचा स्वतंत्र विचार केलेला आहे: पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला एक लाख रुपये शुल्क.

परिशिष्ट भरताना वर्षाचा घोळ होतो. खात्याची माहिती ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाची द्यावयाची, व्याजावरचा कर मात्र एप्रिल ते मार्चचा. म्हणून बँकेचा उतारा सव्वा वर्षाचा मागवावा. रुपयांत रूपांतर स्टेट बँकेच्या तार-हस्तांतर खरेदी दराने करतात. तिकडे कर कापला गेला असेल तर त्याची वजावट मिळते, पण त्यासाठी जुन्या वर्षांना नमुना ६७ वेगळा भरावा लागतो. मधल्या काळात बंद केलेले खातेही त्या वर्षीच्या यादीत येते.

(खाते हा शब्द मराठीत आणि आपल्या कन्नडमध्ये एकच, गुजरातीत खातुं. व्याजाला मात्र कन्नडमध्ये बड्डी. कन्नड विभागातील मित्रांना एवढे पुरे.)

सर्वांत अवघड प्रकरणे मला आयांची वाटली. कॅनडातील मुलगा सोयीसाठी आईचे नाव संयुक्त खात्यात घालतो. आई उधन्यात राहते. उत्पन्न करपात्र नाही, विवरणपत्र कधी भरलेले नाही. परंतु परदेशी खात्यात जिचा हिस्सा आहे, किंवा नुसता सहीचा अधिकार आहे, तिला उत्पन्न कितीही कमी असले तरी विवरणपत्र भरावे लागते. मुलाला फोन करून उतारा मागविणे, आईचा पॅन क्रमांक शोधणे, आणि नाव खात्यात ठेवावयाचे की काढावयाचे ते ठरविणे, ह्यांत त्या कचेरीतील माझ्या कितीतरी दुपारी गेल्या.