टाकीत रोज काय ओततोस?

जळगाव

बापू,

तुझ्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीचे फोटो पाहिले. दगडांवर हिरवे केस, काचेवर तपकिरी थर आणि वाळूवर लाल साय. दुकानदाराने शेवाळ मारायचं औषध दिलं असेल, तर ती बाटली उघडू नकोस. मेलेलं शेवाळ त्याच पाण्यात कुजतं, त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतं आणि नवं शेवाळ त्यावरच पोसतं. औषधात तांबं असलं तर गोगलगायी आणि झिंगे आधी मरतील.

मला आधी एवढंच सांग, टाकीतलं पाणी खाली गेलं की वरून कोणतं पाणी ओततोस?

धुळ्याचा उन्हाळा कोरडा. तुझी टाकी 60 लिटरची, वरून उघडी आणि तिच्यावर पंखा. दिवसाला लिटरभर पाणी सहज उडत असेल. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका सगळं मागे राहतं. समज, तुमच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे 20 मिलिग्रॅम नायट्रेट आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 45 पर्यंत मुभा आहे, म्हणजे माणसांना हे पाणी चालतं. पण रोज लिटरभर ओतलंस तर दोन महिन्यांत अख्ख्या टाकीएवढ्या पाण्याचं नायट्रेट तिच्यात साठतं. माशांना एक दाणाही न घालता लिटरमागे 20 मिलिग्रॅमची भर पडते! प्रवाळांजवळच्या स्वच्छ समुद्रात ते एका मिलिग्रॅमच्याही आत असतं. केळी-कापसाच्या शेतांना आपण युरिया किती देतो ते तुला ठाऊक आहे. त्यातला काही भाग पाझरून विहिरी-बोअरमध्ये उतरतोच. आणि आपला काळा कातळ बेसॉल्टचा, त्यातून येणाऱ्या पाण्यात सिलिका असते. काचेवरचा तपकिरी थर डायटमचा आहे. ते आपलं कवच सिलिकेचंच बांधतात.

घरच्या आरओवरही विसंबू नकोस. चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळण्याची सोय बहुधा असते, त्यामुळे नळीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य नसतो. वीस लिटरच्या जारचंही तेच. मेकॅनिककडून मेम्ब्रेननंतर, मिसळण्याच्या आधी एक वेगळी नळी काढून घे आणि ते पाणी उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनमधून जाऊ दे. टीडीएस मीटरवर शून्य दिसेल तेच पाणी टाकीचं. मीठ कालवायलाही तेच वापर.

भर रोज घालायची, आणि ती गोड्या पाण्याची. तीन दिवस राहून गेलं तर 60 चे 57 लिटर होतात आणि दर हजारी 35 असलेली क्षारता जवळजवळ 37 वर जाते. पंखा मात्र बंद करू नकोस. आपल्या कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून तर टाकी गार राहते; ती 27-28 अंशांच्या वर चढू देऊ नकोस.

आता जे वाढलंय त्याचं. दगड उचलून मिठाच्याच पाण्याच्या बादलीत धर, टूथब्रशने घास, सुटलेलं शेवाळ टाकीबाहेरच राहू दे. हे दर आठवड्याला कर आणि सोबत सहा लिटर पाणी बदल. दिवा आठ तासांवर आण. टाकी पश्चिमेच्या खिडकीत आहे, ती तिथून हलव. गोठवलेलं खाद्य वितळल्यावर चहाच्या गाळणीत धुऊन घे. त्याच्या पाण्यात फॉस्फेट असतं. लाल साय हे शेवाळ नाहीच, ते सायनोबॅक्टेरिया आहेत आणि पाणी साचल्यासारखं असतं तिथे ते जास्त धरतात. नळीने ओढून काढ आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे फिरव. अँटिबायोटिक टाकू नकोस. टाकी सांभाळणारे जिवाणूही त्याने मरू शकतात.

उतावीळपणे फॉस्फेट शून्यावरही नेऊ नकोस. समुद्रातल्या प्लवकांत नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण 16 ला 1 असतं, हे रेडफील्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलं. टाकीत दोन्ही थोडी हवीत. पाणी पार उपाशी ठेवलं की डायनोफ्लॅजेलेट नावाचा बुडबुड्यांचा चिकट थर येतो, आणि तो या शेवाळापेक्षा कितीतरी हट्टी. लिटरमागे नायट्रेट 2 ते 5 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम, एवढं पुरे. तिथवर यायला दोन-तीन महिने लागतील, ते लागू देत.

तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, म्हणून तिथून कॅन भरून पाणी आणायचं तू लिहिलंस. आणू नकोस. खाडीचं पाणी गढूळ, निम्मं गोडं आणि कारखान्यांच्या शेजारचं. पाकिटातलं मीठच बरं. आणखी एक, आणि यावर मी ठाम आहे: कुणी जिवंत प्रवाळ किंवा किनाऱ्यावरून काढलेला खडक विकायला आणला तर घ्यायचा नाही. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सिरॅमिकच्या दगडांवर जिवाणू तितकेच छान बसतात. क्लाउनफिशही हॅचरीतलाच माग. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशातच बसवलं आहे.

आखाजीला ताई माहेरी येईल. परत जाताना तिच्याकडे रेझिनची डबी, टीडीएस मीटर आणि फॉस्फेटचं टेस्ट किट देतो. तोवर बोअरच्या आणि आरओच्या पाण्याचं नायट्रेट तुझ्या किटने मोजून दोन्ही आकडे मला कळव. टर्बो गोगलगाय उलटी पडलेली दिसली तर लगेच सरळ कर. वाळूवर तिला बहुधा स्वतःहून वळता येत नाही.

तुझा,
मामा